कबुली आणि साक्ष : पाप-कृपेच्या आत्मनिवेदनपरंपरेत पंडिता रमाबाई

१

ख्रिस्ती आत्मचरित्रांचा विचार मराठी समीक्षेत बहुतेक वेळा ‘धर्मांतराची कथा’ या एकाच सूत्राच्या आधारे झाला आहे. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ असो, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ असोत किंवा पंडिता रमाबाईंचे इंग्रजी लेखन असो, अभ्यासकाचे लक्ष बाप्तिस्म्याच्या क्षणावर खिळते. त्या आधीचे आयुष्य पूर्वतयारी ठरते आणि नंतरचे आयुष्य परिणाम. समाजाने घातलेला बहिष्कार, कुटुंबाची ताटातूट, नव्या समूहातील प्रवेश या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. परंतु या वाचनात एक प्रश्न हरवतो. बाप्तिस्मा झाल्यावर पाप संपते काय? ते संपत नसेल, तर कृपा म्हणजे नेमके काय, आणि ती लाभल्याचे निवेदन कोणत्या भाषेत करावयाचे?

ख्रिस्ती आत्मनिवेदनाच्या परंपरेत हा प्रश्न दुय्यम नाही. किंबहुना त्या परंपरेतील श्रेष्ठ संहिता याच प्रश्नातून घडल्या आहेत. सीमा ओलांडल्यानंतरही माणूस आपल्याच इच्छेशी झगडत राहतो, या अनुभवाने त्यांना त्यांचा घाट दिला आहे. प्रस्तुत निबंधात ऑगस्टीन आणि जॉन बनयन यांच्या आत्मनिवेदनांच्या पार्श्वभूमीवर रमाबाईंच्या ‘ए टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर’ (१९०७) या छोट्या पुस्तकाचे वाचन अभिप्रेत आहे. रमाबाईंनी या परंपरेत केवळ एका भारतीय उदाहरणाची भर घातली नाही, तर निवेदन करणाऱ्याची जागाच बदलली, असे येथे प्रतिपादन आहे. ‘कबुली’ देणाऱ्या आरोपीच्या जागेवरून त्या ‘साक्ष’ देणाऱ्याच्या जागेवर आल्या, आणि हा बदल त्यांच्या स्त्री असण्याशी व शास्त्राध्ययनाशी थेट निगडित आहे.

२

या परंपरेचे मूळ पौलाच्या रोमकरांस पत्रातील सातव्या अध्यायात आहे. इच्छिलेले चांगले हातून घडत नाही आणि नको असलेले वाईट मात्र घडते, अशी दुभंगलेल्या मनाची अवस्था तेथे येते. हे बोलणारा ‘मी’ कोण, हा ख्रिस्ती टीकापरंपरेतील जुना वाद आहे. ऑगस्टीनने (३५४–४३०) आरंभी हा ‘मी’ कृपा लाभण्यापूर्वीच्या, नियमशास्त्राखालील माणसाचा मानला. पुढे पेलाजियसच्या अनुयायांशी झालेल्या वादात त्याने आपले मत बदलले आणि हा आवाज खुद्द प्रेषिताचा, म्हणजे कृपेत असलेल्या माणसाचाच असू शकतो, असे मानले. दिसायला हा बदल लहान आहे, पण त्याचे वाङ्मयीन परिणाम फार मोठे आहेत. झगडा कृपेच्या आधीचा असेल तर आत्मचरित्र धर्मांतराशी संपू शकते. झगडा कृपेच्या आतला असेल तर ते तेथे संपू शकत नाही.

‘कन्फेशन्स’ची रचना याची साक्ष देते. इ. स. ३८६ मधील मिलानच्या बागेतील परिवर्तनाचा प्रसंग आठव्या भागात येतो, तर ग्रंथाचे भाग तेरा आहेत. दहाव्या भागात बिशप झालेला ऑगस्टीन भूतकाळ सोडून वर्तमानाकडे वळतो आणि स्वप्नांत उरलेली वासना, अन्नाची रुची, संगीताचा मोह, जाणून घेण्याची हाव, स्तुतीची चटक यांची एकेक करून झडती घेतो. दुसऱ्या भागातील नाशपातीच्या चोरीचा प्रसंग सर्वश्रुत आहे. फळांची भूक नव्हती, त्यांची गरजही नव्हती. चोरीत गोडी होती ती चोरीचीच. पापाचे मोठेपण कृत्याच्या आकारात नसून इच्छेच्या वाकडेपणात असते, हा त्या प्रसंगाचा इत्यर्थ.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९६३ मधील एका प्रसिद्ध लेखात असे दाखवून दिले की, स्वतःच्या अंतःकरणाचा अखंड शोध घेणारी ही जाणीव पौलाची नसून ऑगस्टीन आणि ल्यूथर यांच्यामार्फत पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाने ती पौलावर लादली आहे. हा निष्कर्ष पूर्णतः मान्य केला नाही तरी त्यातील इशारा तौलनिक अभ्यासकाने लक्षात ठेवला पाहिजे. अंतर्मुख पापजाणीव ही मानवी मनाची सार्वकालिक अवस्था नव्हे. तिला इतिहास आहे, आणि भाषा बदलली की तिचे रूपही बदलते.

३

जॉन बनयनच्या ‘ग्रेस अबाउंडिंग टु द चीफ ऑफ सिनर्स’ (१६६६) मध्ये हा इतिहास एका वेगळ्या सामाजिक थरात उतरतो. बनयन हा भांडी दुरुस्त करणारा कारागीर, परवान्याविना उपदेश केल्याबद्दल बेडफर्डच्या तुरुंगात असलेला. त्याची पापे तपासली तर वाचक चकित होतो. शिवराळ बोलणे, देवळातील घंटा वाजवण्याची हौस, रविवारी खेळलेला विटीदांडूसारखा खेळ. कृत्ये एवढीशी आणि भय नरकाएवढे! या विषमतेतच त्या ग्रंथाचे सामर्थ्य आहे.

बनयनचा खरा झगडा कृत्यांशी नाही, वचनांशी आहे. ख्रिस्ताला ‘विकून टाक’ असा आतला आवाज त्याला छळतो. एका दुर्बल क्षणी आपण त्या आवाजाला होकार दिला, अशी समजूत झाल्यावर ज्येष्ठत्वाचा हक्क विकणाऱ्या एसावाविषयीचे वचन त्याचा पाठलाग करू लागते. उलट बाजूने कृपा पुरेशी असल्याचे आश्वासन देणारे वचन येते. दोन्ही वचने त्याच्या मनात समोरासमोर येतात आणि अखेर दुसऱ्याची सरशी होते. बनयनच्या लेखी बायबल हे शरीरधारी शक्तींचे रणांगण आहे. मात्र विजय एकदाच मिळून भागत नाही. शांती येते, काही दिवस टिकते आणि पुन्हा ढळते. या आवर्तनामुळे निवेदनाला चढता आलेख मिळत नाही, भरती-ओहोटीची लय मिळते.

बनयन मराठीत आला तो मात्र या ग्रंथाद्वारे नव्हे. त्याच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’चे हरी केशवजींनी केलेले ‘यात्रिक क्रमण’ हे भाषांतर १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. रूपककथेत झगड्याला वाट मिळते, टप्पे मिळतात, मुक्कामाचे ठिकाण मिळते. पाठीवरचे ओझे क्रुसापाशी गळून पडते आणि यात्रिक पुढे चालू लागतो. ‘यात्रा’ या शब्दाभोवती मराठी मनात असलेले भावविश्वही तिला अनुकूल होते. आत्मनिवेदनातील न संपणारी अस्वस्थता मात्र या वाटेने मराठीत पोचली नाही.

४

ती पोचण्यात भाषेचाही अडसर होता. मराठीतील ‘पाप’ हा शब्द प्रामुख्याने हिशेबाच्या परिभाषेत वावरतो. पापाचा घडा भरतो, पाप पदरी पडते, पाप फेडावे लागते, तीर्थात ते धुतलेही जाते. पापाच्या समोर पुण्य उभे असते आणि दोहोंची वजाबाकी शक्य असते. नव्या करारातील ग्रीक ‘हामार्तिया’ या शब्दाचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. पौलाच्या लेखनात त्याला माणसावर सत्ता गाजवणाऱ्या शक्तीचे रूप येते. अशा पापाच्या समोर पुण्य नसते, कृपा असते, आणि कृपेला हिशेबाची भाषा चालत नाही. मिशनरी भाषांतरकारांनी ‘पाप’ हा शब्द स्वीकारला तेव्हा त्यासोबत हिशेबाचा सारा संकल्पनाव्यूहही आला.

याचा अर्थ मराठीत कृपेची भाषा नव्हती असा नाही. वारकरी परंपरेतील ‘पतित’ आणि ‘पतितपावन’ ही जोडी हिशेबाच्या पलीकडची आहे. तुकोबांच्या आत्मपर अभंगांत स्वतःच्या दोषांची कठोर उजळणी आहे आणि त्याचबरोबर देवाशी भांडणही आहे. पतित नसते तर पावन करणाऱ्याच्या ब्रीदाला अर्थ काय उरला असता, हा त्या भांडणातील युक्तिवाद संतसाहित्यात सर्वत्र आढळतो. बनयन देवाशी असे भांडू शकत नाही. तो वचनांच्या भांडणात सापडलेला असतो. तुकोबांचा पतित मात्र हक्काने तगादा लावतो. दाक्षिणात्य श्रीवैष्णवांत तर कृपेच्या स्वरूपावरून दोन पक्ष पडले. माकडाचे पोर आईला स्वतः घट्ट धरते आणि मांजरीच्या पोराला आई तोंडात धरून नेते, हे दृष्टान्त त्या वादाचे सार सांगतात. तेंकलै पक्षाने तर वासराच्या अंगावरील घाण गाय मायेने चाटते त्याप्रमाणे देव भक्ताचे दोषच आपलेसे करतो, येथवर मजल मारली. रुडॉल्फ ओटो यांनी भारतातील या कृपाधर्माची ख्रिस्ती धर्माशी तुलना १९३० मध्ये ग्रंथरूपाने केली. दोन्हींतील साम्य त्यांनी मोकळेपणाने मान्य केले, परंतु अपराधभाव आणि त्याचे प्रायश्चित्त यांचे स्थान दोहोंत सारखे नाही, असेही मत नोंदवले.

१८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे जाण्याचा मार्ग स्वीकारला आणि अभंग हाच आपल्या ख्रिस्ती भक्तीचा छंद केला. त्यांच्या पापजाणिवेला मराठीत घर मिळाले ते यामुळे. रमाबाईंनी हा मार्ग घेतला नाही. त्यांच्या मांडणीत वारकरी कृपाविचाराला जवळजवळ स्थान नाही. हा त्यांच्या लेखनातील उणेपणा म्हणता येईल, परंतु त्यामागील कारण समजून घेतल्याविना तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

५

रमाबाई (१८५८–१९२२) पुराणिकांच्या घरात वाढल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढीविरुद्ध जाऊन पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. तीर्थाटन, पुराणकथन, व्रते, दानधर्म हा त्या कुटुंबाचा जीवनक्रम होता. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि बहीण यांचा अंत झाला. शास्त्रात सांगितलेले सारे यथाशक्ति पाळूनही देव पावले नाहीत, ही जाणीव रमाबाई नोंदवतात. म्हणजे पुण्याच्या हिशेबावरील त्यांचा अविश्वास मिशनऱ्यांच्या शाळेत जन्मला नाही. तो उपाशीपोटी केलेल्या पायपिटीत जन्मला.

दुसरा अनुभव शास्त्रवाचनाचा. धर्मशास्त्रे, महाकाव्ये आणि पुराणे यांत अनेक बाबींवर मतभेद असले, तरी स्त्रियांची जात मुळातच वाईट आहे याविषयी त्यांचे एकमत दिसते, असे निरीक्षण रमाबाई नोंदवतात. शूद्रांच्या वाट्याला येणाऱ्या स्थानाचाही त्या उल्लेख करतात. येथे त्यांच्या पापविचाराची कळ आहे. ऑगस्टीनला आपण पापी आहोत याचा शोध लावावा लागला, बनयनला तो भयापोटी लागला. रमाबाईंना मात्र पापीपण आयते मिळाले होते. त्यांनी काही करण्याआधीच ते जन्माने त्यांच्या नावावर लिहिलेले होते.

अशा व्यक्तीने सार्वत्रिक पापाची ख्रिस्ती कल्पना स्वीकारण्यात वरवर पाहता विसंगती वाटते. आधीच पापी ठरवलेल्या स्त्रीला आणखी एक धर्म पापी म्हणत असेल तर त्यात मुक्ती कोणती? उत्तर ‘सार्वत्रिक’ या शब्दात आहे. पाप सर्वांचेच असेल तर ते कोणा एका जातीचे किंवा लिंगाचे राहत नाही. वाटणीने आलेला कलंक समान अवस्थेत रूपांतरित होतो. पौलाचा जो विचार ऑगस्टीनच्या हाती अंतर्मुखतेचे साधन झाला, तो रमाबाईंच्या हाती समतेचे साधन होतो. अंतःकरणाच्या शोधापेक्षा मानवजातीतील भेद मिटवण्याकडे त्यांचा कल असल्याने, स्टेंडाल यांनी दाखवलेल्या पौलाच्या त्या अधिक जवळ जातात, असेही म्हणता येईल.

गौरी विश्वनाथन यांनी ‘आउटसाइड द फोल्ड’ (१९९८) या ग्रंथात रमाबाईंचे धर्मांतर ही एक विचक्षण असहमतीची कृती म्हणून वाचले आहे. वाँटेज येथील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवर रमाबाईंनी घेतलेले आक्षेप पाहिले तर या वाचनाला भक्कम आधार मिळतो. तथापि असहमती ही ‘टेस्टिमनी’ची एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी, की १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला होता, पण ख्रिस्त गवसला नव्हता, असे त्या स्वतःच सांगतात. विल्यम हॅस्लम या कॉर्नवॉलमधील धर्मोपदेशकाचे आत्मकथन या टप्प्यावर त्यांच्या वाचनात आले. स्वतःचाच उपदेश ऐकता ऐकता परिवर्तन झालेला हा पाद्री. धर्माच्या आत असूनही कृपेच्या बाहेर राहता येते, हे रमाबाईंना त्याच्या उदाहरणात दिसले. धर्मांतरकेंद्री वाचनाला या आठ वर्षांचा अर्थ लावता येत नाही. पाप-कृपेच्या परंपरेत ठेवले की मात्र ती वर्षे त्या पुस्तकाचा कणा ठरतात.

या निवेदनात एक गोष्ट ठळकपणे जाणवते. येथे नाशपाती नाहीत, विटीदांडू नाही. कोणतेही एक पापकृत्य केंद्रस्थानी नाही. आपण पापी असल्याची जाणीव आहे, पण तिचा तपशील नाही. परंपरेच्या मापाने हे आत्मपरीक्षण उथळ ठरेल. परंतु विधवा, एकटी, धर्मांतरित आणि सार्वजनिक कार्य करणारी स्त्री स्वतःच्या पापांची यादी छापील पानांवर मांडते, तेव्हा ती यादी वाचण्यास टपलेला समाज कोणता असतो, याचा विचार करावा लागतो. पुरुषाच्या कबुलीने त्याची प्रतिष्ठा वाढते, स्त्रीच्या कबुलीने तिच्यावरील आरोप सिद्ध होतो.

म्हणूनच शीर्षकातील शब्द महत्त्वाचा आहे. लॅटिन ‘कॉन्फेसिओ’त पापाचा उच्चार आणि देवाचे स्तवन हे दोन्ही अर्थ आहेत. मराठी ‘कबुली’त दुसरा अर्थ नाही, तिला कचेरीचा वास येतो. रमाबाईंनी ‘टेस्टिमनी’, म्हणजे साक्ष, हा शब्द निवडला. प्रोटेस्टंट वर्तुळात तो रुळलेला होता हे खरे, पण त्यांच्या बाबतीत त्याला वेगळी धार येते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात स्त्रियांच्या बाबतीत स्त्रियांनी साक्ष द्यावी अशी मुभा आहे, परंतु एरव्ही बुद्धीच्या अस्थिरतेचे कारण देऊन शुचिर्भूत अशा अनेक स्त्रियांपेक्षाही एका निर्लोभ पुरुषाची साक्ष ग्राह्य मानली आहे. शास्त्र जाणणाऱ्या पंडितेने त्या शास्त्राने नाकारलेली जागा घ्यावी आणि आरोपीच्या पिंजऱ्यातून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात यावे, हे या पुस्तकातील खरे स्थित्यंतर आहे. शीर्षकाचा दुसरा अर्धा भागही तितकाच बोलका आहे. पुण्याचा साठा सरला की स्वर्गातून परतावे लागते, हा विचार गीतेच्या नवव्या अध्यायात येतो. रमाबाई ज्या ठेव्याविषयी बोलतात तो अक्षय आहे, न सरणारा आहे. हिशेबाच्या भाषेला दिलेले हे उत्तर त्या हिशेबाच्याच प्रतिमेतून येते.

६

कृपेची ही कल्पना केवळ पुस्तकात राहिली नाही. इंग्लंडातील वास्तव्यात रमाबाईंनी लंडनमधील फुलहॅम येथे ‘पतित’ स्त्रियांसाठी चालणारे सिस्टरांचे कार्य पाहिले आणि शोमरोनी स्त्रीशी ख्रिस्ताने केलेल्या संभाषणाची योहानकृत शुभवर्तमानातील कथा तेथे ऐकली. पुढे केडगाव येथील मुक्ती सदनात अशाच स्त्रियांसाठी त्यांनी जे घर उभारले त्याचे नाव ‘कृपासदन’. ‘पतित’ हा शब्द येथे संतकाव्याच्या रूपकातून खाली उतरतो आणि प्रत्यक्ष स्त्रीचे वर्णन होतो. तुकोबांच्या अभंगातील पतित हा स्वतःला पतित म्हणवून घेणारा असतो. कृपासदनातील स्त्रीला इतरांनी पतित म्हटलेले असते. हा फरक नजरेआड करून दोन परंपरांची तुलना केली तर ती शब्दांची तुलना होईल, अनुभवांची होणार नाही.

याच ठिकाणी एक अवघड प्रश्नही उभा राहतो. वेल्समधील १९०४–०५ च्या धर्मजागृतीच्या पाठोपाठ १९०५ मध्ये केडगावलाही अशी लाट आली. मुली आणि स्त्रिया रडत, मोठ्याने आपल्या पापांचा उच्चार करू लागल्याचे वृत्तान्त उपलब्ध आहेत. त्यांतील अनेकजणी दुष्काळातून वाचलेल्या, अन्नवस्त्रासाठी संस्थेवर अवलंबून असलेल्या. मिशेल फूको यांनी कबुलीकडे सत्तेचे एक तंत्र म्हणून पाहिले, त्याची आठवण येथे अपरिहार्य आहे. ज्या रमाबाईंनी स्वतःसाठी साक्षीदाराची जागा मिळवली, त्यांच्या आश्रयाला आलेल्या स्त्रिया पुन्हा कबुलीच्या जागी उभ्या राहिल्या काय? त्यांचे शब्द त्यांच्या स्वतःच्या हातचे नाहीत, इतरांच्या वृत्तान्तांतून ते येतात. म्हणून निःसंदिग्ध उत्तर देता येत नाही. परंतु मुखाने न उच्चारता आलेले दुःख पापाच्या भाषेत का होईना प्रथमच उच्चारले गेले असेल, ही शक्यता जशी नाकारता येत नाही, तशीच त्या भाषेने दुःखाला अपराध ठरवले असेल, ही शक्यताही नाकारता येत नाही. दोहोंपैकी एकच निवडण्याची घाई समीक्षेने करू नये.

७

वरील विवेचनातून तौलनिक साहित्याभ्यासासाठी दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, पाप आणि कृपा या संकल्पनांची तुलना सिद्धान्तांच्या पातळीवर थांबली तर साम्य फार लवकर हाती लागते. पतितपावन आणि तारणारा, प्रपत्ती आणि विश्वास अशा जोड्या सहज जुळतात. निवेदन कोण करतो, कोणासमोर करतो आणि त्या आधी त्याला कोणी काय ठरवून ठेवले आहे, हे प्रश्न विचारले की त्या जोड्या पुन्हा विलग होतात, आणि तुलना खऱ्या अर्थाने तेथे सुरू होते. दुसरी, युरोपीय आत्मनिवेदनाचा घाट हा मोजमापाचा मानदंड मानून भारतीय संहितांची ‘अपूर्णता’ नोंदवणे पुरेसे नाही. रमाबाईंच्या मौनाने त्या घाटाचीच एक मर्यादा उघड केली आहे. स्वतःला पापी म्हणण्याचे स्वातंत्र्य ज्याला आहे, त्याचीच पापकबुली श्रेष्ठ साहित्य ठरत आली आहे.

आयुष्याच्या अखेरीस रमाबाई मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. संस्कृतप्रचुर शब्दकळा टाळून, फारसे शिक्षण न मिळालेल्या स्त्रीलाही समजेल अशा मराठीकडे त्यांचा ओढा होता. ते संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या पंडितेने शास्त्रे वाचून आपल्यावरचा आरोप जाणला, तिने दुसऱ्या एका शास्त्राची भाषा इतर स्त्रियांच्या हाती देण्यात आपली शेवटची वर्षे घालवली. साक्षीदाराची जागा एकटीपुरती ठेवायची नव्हती, असा त्या श्रमाचा अन्वयार्थ लावता येतो. केडगावच्या सभेत रडत पापे उच्चारणाऱ्या स्त्रियांविषयी जो प्रश्न वर अनुत्तरित राहिला, त्याला रमाबाईंच्या बाजूने दिलेले उत्तर असेलच, तर ते या भाषांतरात शोधावे लागेल.